कोकणात रुजू होणाऱ्या नव्या वनरक्षकास

चंद्रपूरला प्रशिक्षणात सलग राखीव जंगल पाहिलं असशील, तर ते चित्र जरा बाजूला ठेव. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान मालकीचं. सरकारी जंगलाच्या कक्षातलं (आखून दिलेल्या तुकड्यातलं) काम, म्हणजे हद्दीचे बुरूज, दगडी खुणा, शोधणं आणि वणव्याच्या दिवसांआधी जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) काढणं, वनपालसाहेब शिकवतीलच.

खरा कस मालकी तोडीत, म्हणजे खाजगी रानातली झाडं परवानगीने तोडण्याच्या कामात, लागतो. अर्ज आला की सातबारा वाच, त्यातला ‘इतर हक्क’ रकाना तर दोनदा. एकेका उताऱ्यावर ढीगभर नावं, निम्मी माणसं मुंबईत. संमती कुणाची राहिली ते आधी बघ. मग मोजणीचा नकाशा घेऊन हद्द स्वतः चाल. खैर असेल तर विशेषच. खैरापासून होणाऱ्या काताला मागणी आहे, आणि शेजारच्या रानातला खैर परवानगीच्या मालात मिसळायला एक रात्र पुरते.

घेर छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, चढाच्या बाजूला उभं राहून मोज. तोडायच्या झाडावर मारायची खात्याच्या हातोड्याची खूण बुंध्याशीही हवी. तोडीनंतर हिशेब जमिनीत उरलेल्या थुंटावरूनच लागतो.

आणि मालकाशी चोर असल्यासारखं बोलू नकोस (आपल्यातल्या काहींना ती खोड आहे). वणव्याचा पहिला फोन त्याचाच येतो. तुझा नंबर त्याला देऊन ठेव.