आयसीयूमध्ये किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन रोज तपासतात, मग खाटेवरच सोनोग्राफी कशाला? बिल वाढवायला का?

बिलाचं बिलिंगवाल्यांना विचारा. क्रिएटिनिन एक तर उशिरा चढतं, आणि किडनी बसली एवढंच सांगतं. का बसली ते नाही. आम्हा डॉक्टरांतल्या काहींना तर 'का' आधीच ठाऊक असतं: लघवी कमी, म्हणजे सलाइन सोडा.

कोकणातल्या एका हॉस्पिटलात होतो तेव्हाची गोष्ट. भातलावणीचे दिवस, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) पेशंट. चाळिशीतला शेतकरी, डोळे पिवळे, बीपी पडलेलं. सुरुवातीला सलाइन दिलं ते योग्यच होतं, बीपी सावरलंही. पण दुसऱ्या दिवशी लघवी तासाला जेमतेम दहा-पंधरा मिली. सीनियर राउंडला आले, युरोबॅगकडे पाहिलं आणि म्हणाले, "ड्राय आहे, अजून एक लिटर आरएल." आरएल म्हणजे सलाइनचाच एक प्रकार. आणि इथे नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडत होता, म्हणजे अंगात पाणी साठलेलं!

मी सोनोग्राफीचा प्रोब लावला. आयव्हीसी, म्हणजे पोटातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर, दोन सेंटिमीटरच्या वर, श्वासाबरोबर हलायला तयार नाही. पोर्टल व्हेनमधला (आतड्याकडून लिव्हरला जाणारी शीर) प्रवाह एरवी संथ असतो, इथे प्रत्येक ठोक्याला उसळी. फुप्फुसांत बी-लाइन्स (पाणी साठल्यावर दिसणाऱ्या उभ्या रेषा) होत्या, पण लेप्टोत रक्तस्रावानेही त्या दिसतात, म्हणून नुसत्या त्यांच्यावर गेलो नाही. किडनीतून बाहेर पडणारी शीरच तुंबली असेल तर पुढून कितीही ओता, रक्त सरकणार कुठे? सर म्हणाले, "सोनोग्राफी रेडिओलॉजिस्टचं काम. तू पेशंट बघ." अहो, पेशंटच बघत होतो!

आरएल थांबवलं, लघवी वाढवणारं लॅसिक्स दिलं. संध्याकाळपर्यंत युरोबॅग भरायला लागली, डायलिसिस टळलं. सरांनी विषयच काढला नाही.

मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी 2020 मध्ये हार्ट सर्जरीच्या 145 पेशंटांवरून शिरा किती तुंबल्यात हे मोजणारी 'वेक्सस' ग्रेड मांडली: आयव्हीसी, मग लिव्हरच्या, पोर्टल आणि किडनीतल्या शिरांचा डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. रेडिओलॉजिस्ट दुपारी येऊन 'किडनी साइज नॉर्मल' लिहून जातो, त्यात यातलं काहीच नसतं.

आता हेही ऐका. व्हेंटिलेटरवर आयव्हीसी उगाच जाड दिसते, सडपातळ माणसाची पोर्टल व्हेन धडधाकट असतानाही उसळते, सिरोसिसमध्ये तिच्यावर भरवसाच नको. त्यामुळे एका शिरेवरून लॅसिक्स ढोसू नका. आणि सगळ्यात आधी प्रोब मूत्राशयावर ठेवा. कॅथेटर तुंबून पोट टम्म झालेल्या पेशंटला लॅसिक्स देणारे महाभागही पाहिलेत.