आरतीसंग्रहाची पीडीएफ आणि उडालेले अनुस्वार

तुमचा प्रश्न असा: वाडीच्या आरतीसंग्रहाची ४८ पानी पीडीएफ आहे, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना व्हॉट्सॲपवर एकेक पान फोटोसारखं पाठवायचंय, तर जेपीजी करून देणारं चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण जेपीजी करू नका. देवनागरी मजकुराची पानं पीएनजी या चित्रप्रकारातच काढायची. आमच्या सिंधुदुर्गातल्या डीटीपीवाल्यांशी माझा हा वाद जुना आहे, आणि हट्ट धरण्याइतकं कारण माझ्याकडे आहे.

अशीच एक आरत्यांची फाईल होती. ए-५ आकार, मजकूर १२ पॉइंटात, मथळे कुंकवासारख्या लाल रंगात. इमेजमॅजिक या चित्रं बदलून देणाऱ्या प्रोग्रामने तिची पानं काढली, तर ‘रंग’चा ‘रग’ झाला नि ‘दंड’चा ‘दड’. छापखान्यातून उत्तर आलं, फॉन्ट खराब आहे, सगळं नव्याने टाइप करा. सगळं नव्याने टाइप झालं, आणि अनुस्वार पुन्हा उडाले! फॉन्टचा दोष नव्हताच. तुम्ही काही सांगितलं नाही तर इमेजमॅजिक पीडीएफचं पान ७२ डीपीआयवर, म्हणजे इंचाला ७२ ठिपके धरून रंगवतं, पिक्सेलचं चित्र करतं. ए-५ पान त्यात जेमतेम ४२० बाय ५९५ पिक्सेलचं होतं. १२ पॉइंटाच्या अक्षराला उंची मिळते १२ पिक्सेल, त्यात शिरोरेघ, वेलांटी, रफार सगळं बसवायचं. अनुस्वाराच्या वाट्याला एखादा पिक्सेल येतो, तोही फिकट करडा.

मग कुणीतरी कमांडमध्ये डेन्सिटी (म्हणजे डीपीआयच) ३०० लिहिली, पण फाईलच्या नावानंतर. तिथे लिहून उपयोग नाही, पान ७२वर रंगवून झालेलं असतं, फाईलवर डीपीआयचा आकडा लिहिलेली नुसती चिठ्ठी बदलते. डेन्सिटी नावाच्या आधीच हवी. तशी दिली तेव्हा अनुस्वार परत आले, पण लाल मथळे भुरकटच राहिले, आणि इथे दोष जेपीजीचा. जेपीजी पानाचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील गाळतं, म्हणून अक्षराच्या कडेला राखेसारखे ठिपके दिसतात. शिवाय बहुतेक वेळा रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच ठेवतं. काळं अक्षर त्यातून निभावतं, पांढऱ्यावरचं लाल पसरतं. पीएनजी काहीच गाळत नाही.

आता कृती. पॉपलर नावाच्या पीडीएफच्या साधनांच्या संचातलं पीडीएफटूपीपीएम घ्या, ते टर्मिनलच्या खिडकीत कमांड टाइप करून चालवायचं, फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. श्रावणात रेंज जाते-येते तिथे ४० एमबीची फाईल कुठल्या साइटवर चढवत बसण्यात अर्थ नाही. कमांडमध्ये प्रोग्रामचं नाव, मग हायफन पीएनजी, हायफन आर आणि २०० (हा डीपीआय), मग पीडीएफचं नाव, शेवटी ‘पान’, म्हणजे निघणाऱ्या फोटोंच्या नावाची सुरुवात. ए-५ पान २००वर सुमारे ११६५ बाय १६५४ पिक्सेल होतं, मोबाइलवर वाचायला पुरे. छापायचं असेल तरच ३००. मोजकी पानं हवी असतील तर हायफन एफने पहिलं आणि हायफन एलने शेवटचं पान सांगा. फोटोंच्या नावात आकडे ०१, ०२ असे पडतात, त्यामुळे १ नंतर १० येण्याचा घोळ होत नाही. रंग नको असेल तर हायफन ग्रे, फाईल बरीच हलकी होते.

फाईल वर्डमध्ये असेल तर आधी पीडीएफ करा. लिब्रेऑफिसमधून थेट पीएनजी काढलं तर पहिलंच पान मिळतं.

काढण्याआधी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा. श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट असेल आणि त्याच्यापुढे ‘एम्बेडेड’ (फॉन्ट फाईलमध्येच साठवलेला) नसेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर आरतीच्या जागी चित्रविचित्र इंग्रजी चिन्हं येतील आणि फोटोतही तीच कायम होतील. ज्या कोरलड्रॉ फाईलवरून पीडीएफ झाली तिथेच जाऊन कंट्रोल-क्यूने कर्व्ह्ज करा, म्हणजे अक्षरांच्या रेषाकृती होतात, किंवा फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ पुन्हा बनवा.

व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गॅलरीतून पाठवलंत तर ॲप स्वतःच त्याचं लहान जेपीजी करतं आणि केलेली मेहनत फुकट जाते.

पीएनजीचा नियम मजकुराच्या पानांपुरता. देवळाचा पानभर फोटो असेल तिथे जेपीजीच बरं, क्वालिटी ९०च्या आसपास ठेवा. जुनी पोथी स्कॅन करून पीडीएफ केलेली असेल तर पान रंगवूच नका. पॉपलर संचातलंच पीडीएफइमेजेस हायफन ऑल लावून आतला मूळ स्कॅन जसाच्या तसा काढून देतं, मात्र काही स्कॅनर एका पानाच्या चार-पाच पट्ट्या करून ठेवतात, तशा निघाल्या तर पीडीएफटूपीपीएमचीच रीत वापरा. १५० डीपीआयचा स्कॅन ६००वर काढून एक अक्षरही सुधारत नाही, फाईल तेवढी फुगते. आणि डिजिटल सहीचा सातबारा कधीच फोटो करून पुढे पाठवू नका, सही पीडीएफमध्ये असते, फोटोत तिचं नुसतं चित्र उरतं.

तुमचा छापखानेवालाही ‘जेपीजीने काय फरक पडतो’ म्हणाला, तर लाल मथळ्याचं एकच पान २०० डीपीआयवर दोन्ही प्रकारांत काढा, शेजारी शेजारी ठेवून ४०० टक्के मोठं करा आणि अनुस्वाराच्या भोवती काय दिसतं ते त्यालाच विचारा.