'ट्रिपल हेलिक्स'ला तिपेडी वेणी म्हणावं का?

शहाद्याच्या एका विज्ञानाच्या सरांनी विचारलंय, की सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार) यावर मुलांसाठी माहितीपत्रक करतोय, त्यात 'ट्रिपल हेलिक्स बनवणाऱ्या डीएनए स्ट्रँडने ठरावीक जीन टार्गेट करणे' असं आलंय, तर 'तिपेडी वेणीने जनुकाला लक्ष्य करणे' चालेल का.

सर, तिपेडी चालेल काय, पळेल! पण वेणी नको. वेणीत तिन्ही पेड सारखे, आलटून पालटून वरखाली जातात. इथे डीएनएच्या दोन धाग्यांचा पीळ आधीच पडलेला असतो आणि तिसरा त्यांना न सोडवता त्यांच्या मधल्या रुंद खोबणीत वळत वळत बसतो. आपल्याकडे अंबाडीचा दोर हाताने वळताना बरेच जण हेच करतात, आधी दोन पेड वळून घ्यायचे मग तिसरा त्यांच्या खाचेतून न्यायचा. म्हणून 'तिपेडी पीळ' म्हणा. शाळेच्या पुस्तकातल्या द्विसर्पिलला जोडून 'त्रिसर्पिल' केलं तरी चूक नाही, फक्त सातवीच्या पोराला त्यात आधी साप दिसतो.

आता हा तिसरा पेड कुठेही बसत नाही हे पत्रकात यायलाच हवं. तो साधारण १५ ते ३० अक्षरांचा (डीएनएची अक्षरं म्हणजे ए, टी, जी, सी ही चार रसायनं), प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा असतो आणि पकडतो फक्त ए आणि जी या अक्षरांना, तेही हूगस्टीन नावाच्या वेगळ्या बंधांनी, म्हणजे मूळच्या दोन धाग्यांची जोडी तशीच राहते. त्यामुळे जनुकात एकाच धाग्यावर फक्त ए आणि जी यांचीच, कुठल्याही क्रमाने, सलग रांग सापडली तरच काम होतं. त्यात जीला पकडायला सी वापरला तर त्याला जरा आंबट वातावरण लागतं आणि पेशीच्या आत ते नसतं, ही मोठी अडचण. म्हणून मग रासायनिक बदल केलेली अक्षरं, पीएनए (डीएनएसारखाच, पण प्रथिनासारखा कणा असलेला कृत्रिम धागा) वगैरे प्रकार आले.

तिपेडी पीळ १९५७ मध्ये फेल्सेनफेल्ड, डेव्हिस आणि रिच यांनी पहिल्यांदा दाखवला, तोही कृत्रिम आरएनएत. त्याचा वापर करून डीएनएवर नेमकी जागा गाठता येते हे १९८७ मध्ये अमेरिकेत डर्व्हन आणि फ्रान्समध्ये एलेन यांच्या गटांनी दाखवलं. आणि हो, १९५३ ला लिनस पॉलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने डीएनएच तीन धाग्यांचा आहे असं मॉडेल मांडलं होतं ते साफ चुकलेलं, फॉस्फेट आत आणि अक्षरं बाहेर, नेटवर शोधताना मुलं हमखास तिकडे जातील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

'लक्ष्य करणे' मला खटकतं, भाषणात सरकारवर टीका केल्यासारखं वाटतं. 'नेमकं जनुक गाठणे' सरळ आहे. गाठल्यावर काय होतं ते मात्र वेगळं लिहा, कारण दोन गोष्टी होऊ शकतात. जनुक वाचणाऱ्या प्रथिनांची वाट अडते आणि जनुक गप्प बसतं, किंवा तो तिपेडी पीळ बघून पेशीची दुरुस्ती यंत्रणा जागी होते आणि शेजारी बरोबर अक्षरांचा तुकडा दिलेला असेल तर तो उचलते. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनचा एक भाग) जनुकात एका अक्षराचीच चूक असते, ए च्या जागी टी, त्यामुळे तुम्हाला दुसरी गोष्ट जास्त कामाची. येलमधल्या ग्लेझर यांच्या गटाने २०१६ मध्ये पीएनए वापरून थॅलेसेमियाच्या (याच जनुकातल्या बिघाडाचा दुसरा रक्ताचा आजार) उंदरांत अशी दुरुस्ती दाखवली. उंदरांत, हे ठळक टाईपात छापा, नाहीतर धडगाव-अक्कलकुव्यातून पालक औषध कुठे मिळतं विचारत येतील.

अजून एक, या पद्धतीला 'अँटिजीन' म्हणतात, त्याचं 'प्रतिजन' करू नका भो, प्रतिजन म्हणजे अँटिजेन, रक्तगटवाला, त्याचा इथे काही संबंध नाही. 'प्रतिजनुक' करता येईल पण छापताना एक 'नुक' गळला की संपलं. मी तरी 'जनुकरोधक धागा' लिहीन.