सासऱ्यांना दिलेला शब्द आणि फोंड्याचं घर

मस्कतहून एक वाचक भगिनी लिहितात: सासरे शेवटच्या आजारात असताना नवऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला, "बाबा, घर विकणार नाही." आता फोंड्याजवळचं ते घर बंद आहे, छप्पर गळतं, सासूबाई म्हापशाला लेकीकडे असतात. नणंद म्हणते विकूया. विषय निघाला की नवरा ताटावरून उठतो. शब्द मोडला तर पाप लागेल का?

ताई, पापाचं मला विचारू नका, शब्दाचं विचारा.

फोंड्याकडच्या माणसाला म्हार्दोळची घंटा सांगायला नको. महालसेच्या देवळातल्या त्या मोठ्या पितळी घंटेला एरवी लोलक नसायचा. कुणी साक्ष द्यायला उभा राहिला की तेवढ्यापुरता बसवायचा. घंटा वाजवून खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो अशी श्रद्धा, आणि पोर्तुगीज अमलातही ही साक्ष मानली जायची, असं सांगतात. मला त्यातलं लोलक काढून ठेवणं फार शहाणपणाचं वाटतं. आपण मात्र 'आईशप्पथ' चहाच्या कपागणिक घालतो. आणि दवाखान्यात, रात्री दोन वाजता, बापाचा हात हातात असताना तर काहीही कबूल करतो. तिथे नाही म्हणणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

पण तो शब्द द्यायला घर एकट्याचं होतं का? 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या गोव्याच्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे निम्मं घर सासूबाईंचं पहिल्यापासूनच, उरलेल्या निम्म्यात नणंद भावाच्या बरोबरीची. विकताना तुमचीही सही लागेल. हे नवऱ्याला ऐकवू मात्र नका. वकिली करून सुटणारी गाठ नाही ही.

सासऱ्यांना भीती कसली होती? घर जाण्याची, की चवथीला मुलं एकत्र यायची थांबतील याची? हे सासूबाईंनाच ठाऊक. फोनवर विचारू नका. त्यांना घरी न्या, सोप्यावर बसवा, लेकाला समोर बसवा आणि तुम्ही चहा करायला आत जा. त्या "मोकळा झालास रे" म्हणाल्या तर झालं. नाही म्हणाल्या तर घर राहू द्या, पण मग दुरुस्तीसाठी नणंदेकडे हात पसरू नका. शब्द ज्याने दिला, खर्च त्याचा. आणि विकायचंच ठरलं, तर आधी कुलदेवाकडे जाऊन गाऱ्हाणं घालावं, शब्द का परत घेतला ते मोठ्याने सांगावं. गुपचूप सही करून मस्कतचं विमान गाठू नये.

जायचं ते मे महिन्यात जा. निर्णय काहीही होवो, पावसाआधी कौलं चाळून घ्यावीच लागतील.