लिंबूवर्गीय आणि उष्णकटिबंधीय फळझाडे घरी वाढवताना: खताच्या आधी मुळांकडे पाहावे

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. तीन वर्षांच्या कलमी लिंबाची पाने पिवळी पडत आहेत आणि फुले येऊन गळत आहेत, तर त्याला कोणते खत द्यावे. बीपासून वाढवलेल्या मोसंबीला फळ कधी धरेल. आणि त्याच जागेत आंबा, पेरू किंवा सीताफळ लावता येईल का. कुंडीखाली थाळी ठेवलेली आहे आणि झाडाला रोज थोडे थोडे पाणी दिले जाते, हा तपशील आपण जाता जाता लिहिला आहे. मला मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

लिंबूवर्गीय झाडांची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. माती सतत ओली राहिली की तिच्या पोकळ्यांतील हवेची जागा पाणी घेते, मुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरासारख्या रोगजंतूंना आयतीच वाट मिळते. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे चिंब ओल्या मातीत उभे असलेले झाडही तहानलेल्या झाडासारखीच पाने मुडपते, पिवळी करते आणि शेवटी टाकून देते. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो, वर खताचा डोस देतो, आणि उरलीसुरली मुळेही क्षारांनी भाजून निघतात. घरी वाढवलेली लिंबाची झाडे कीड-रोगापेक्षा या चक्रातच जास्त जातात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे, आणि ते थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

म्हणून कोणतेही खत आणण्यापूर्वी झाड कुंडीतून बाहेर काढून पाहावे. आदल्या दिवशी पाणी देऊ नये, कुंडी आडवी करून कडेने सगळीकडे थापावे आणि खोड धरून न ओढता मातीचा गोळा सरकवत बाहेर घ्यावा. निरोगी बारीक मुळे पांढरट किंवा फिकट पिवळसर दिसतात आणि चिमटीत धरून हलके ओढले तरी टिकतात. कुजलेली मुळे तपकिरी-काळी असतात, ओढल्यावर त्यांचे बाहेरचे आवरण सुटून हातात येते आणि मागे दोऱ्यासारखा नुसता गाभा उरतो. मातीलाही आंबूस वास येतो. तसे आढळल्यास कुजका भाग स्वच्छ कात्रीने काढून टाकावा, झाड ताज्या माध्यमात, म्हणजे कुंडीत भरायच्या नव्या मिश्रणात, लावावे, जितकी मुळे गेली असतील त्या मानाने शेंडे थोडे कमी करावेत आणि काही दिवस कडक उन्हापासून आडोशाला ठेवावे. नवी पालवी दिसेपर्यंत खत अजिबात देऊ नये.

कुंडीच्या तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा सुधारतो, हा समज फार रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. ते सीमेवरच अडते. प्रत्येक कुंडीच्या तळाशी पाणी धरून राहणारा एक ओला पट्टा असतोच. खडे घातल्याने तो पट्टा वर सरकतो आणि मुळांना मिळणारी जागा उलट कमी होते. निचरा सुधारायचा असेल तर संपूर्ण माध्यमच भरड असले पाहिजे. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि त्यांच्या जोडीला जाड वाळू, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) किंवा सालीचे तुकडे असे मिश्रण चालते. त्यावर पाणी ओतले की ते वर न साचता लगेच खाली उतरले पाहिजे. कोकोपीट ओल फार धरून ठेवते, म्हणून ते बेताने वापरावे. कुंडीही एकदम मोठी घेऊ नये, कारण मुळे जिथवर पोहोचलेली नाहीत तिथली माती आठवडाभर ओलीच राहते. प्रत्येक वेळी आधीपेक्षा एकच माप मोठी कुंडी घ्यावी. लावताना कलमाचा जोड मातीच्या बराच वर राहील, आच्छादन खोडाला टेकणार नाही आणि खोडाभोवती पाणी साचणार नाही, एवढे पाहावे. खोडातून डिंक गळण्याचा रोग बहुधा तिथूनच सुरू होतो.

आता पाण्याविषयी. रोज थोडे पाणी देण्याची सवय सोडावी आणि थाळी काढून टाकावी, किंवा ठेवायचीच असेल तर पाणी दिल्यानंतर अर्ध्या तासात रिकामी करावी. बोट दोन पेरे आत घालून पाहावे. तिथे माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि देताना खालच्या छिद्रांतून वाहून जाईल इतके भरपूर द्यावे. वाफसा येण्याची, म्हणजे जास्तीचे पाणी ओसरून माती पुन्हा मोकळी होण्याची, वाट पाहणे हेच यातले खरे कौशल्य आहे. उन्हाळ्यात तो एका दिवसात येईल, थंडीत किंवा ढगाळ हवेत आठवडाही लागेल. त्यामुळे वेळापत्रक लावून पाणी देणे या झाडांना मानवत नाही. तापमान साधारण १३ अंश सेल्सियसच्या खाली गेले की लिंबूवर्गीय झाडांची वाढ जवळजवळ थांबते. त्या काळात मुळे गार मातीत निपचित असतात आणि पाने मात्र उन्हात पाणी उडवत असतात. थंड प्रदेशात खिडकीत ठेवलेली झाडे अचानक पानगळ करतात त्याचे एक मोठे कारण हेच असते.

मुळे ठीक आहेत असे दिसले, तर पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते नीट पाहावे, कारण निदान तिथेच होते. जुनी, खालची पाने सबंध फिकट होत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडते आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठाकडे उलट्या व्ही आकाराचा हिरवा भाग शिल्लक असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्यागार असतील तर लोहाची कमतरता आहे; कोवळी पाने लहान, अरुंद आणि शिरांच्या मधोमध पिवळट चट्टे असलेली असतील तर जस्ताची. लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही, असे पुष्कळदा घडते. चुनखडीयुक्त माती किंवा जड पाणी यांमुळे सामू (पीएच) वाढतो आणि ही मूलद्रव्ये अडकून पडतात. मातीचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असलेला उत्तम. अशा वेळी चिलेटेड (झाडाला सहज घेता येतील अशा बांधलेल्या रूपातील) सूक्ष्म अन्नद्रव्यांची पानांवर केलेली फवारणी लवकर गुण देते. फुले यावीत म्हणून भरपूर स्फुरद (फॉस्फरस) देण्याचा सल्ला मी तरी देणार नाही, कारण जास्तीचे स्फुरद लोह आणि जस्त घेण्यात अडथळा आणते. लिंबाला सर्वांत मोठी भूक नत्राची असते. वाढीच्या हंगामात ते थोडे थोडे, दर वेळी ओल्या मातीत द्यावे. खालची दोन-चार जुनी पाने नव्या पालवीच्या वेळी गळत असतील तर चिंतेचे काहीच कारण नाही, कारण या झाडांचे पानही एक-दोन वर्षांतच म्हातारे होते.

फुलगळीबद्दल पहिल्यांदा धीर द्यावासा वाटतो. संत्रा-मोसंबीसारख्या झाडावर शंभर फुलांतून जेमतेम एक-दोन फळे शेवटपर्यंत टिकतात, आणि वाटाण्याएवढी झालेली बरीच फळेही झाड स्वतःहून टाकते. पोसता येतील तेवढीच ते ठेवते. मात्र सर्वच फुले गळत असतील तर ऊन आणि पाणी तपासावे. रोज सहा तासांपेक्षा कमी थेट ऊन मिळणारे लिंबू पाने छान ठेवते, पण फळे धरत नाही. फुलोऱ्याच्या काळात एकदा कडक कोरडे आणि लगेच चिंब ओले असे झाले तरी गळ होते. वाढत्या फळांची साल तडकते तीही याच कारणाने. लिंबाची फुले स्वपरागीभवनाने फळतात, तेव्हा दुसरे झाड जवळ नसल्याची काळजी नको. जोडाच्या खालून जोमदार, काटेरी फुटवे येत असतील, विशेषतः त्यांची पाने तीन-तीन दलांची असतील, तर तो खुंट (ज्यावर कलम बांधले ते मुळाकडचे झाड) वाढतो आहे असे समजून ते ताबडतोब मुळाशी काढावेत. ठेवले तर कलमाचा वरचा भाग हळूहळू मागे पडतो.

बीपासूनच्या मोसंबीबाबत सांगायचे तर तिच्या बहुतेक बिया मातृवृक्षासारखीच रोपे देतात, कारण एका बीत अनेक भ्रूण असतात आणि त्यांतील बरेचसे नर-मादी पेशींच्या संयोगाशिवाय, मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार होतात. पपनसात हे होत नाही, त्याची रोपे वेगळी निघतात. तरीही बीचे रोप अनेक वर्षे काटेरी बाल्यावस्थेत राहते आणि सात-आठ वर्षे किंवा त्याहून जास्तही वाट पाहायला लावते. आकार आटोक्यात ठेवण्यासाठी शेंडे वारंवार छाटले तर ती वाट आणखी लांबते. फळ हवे असेल तर कलम घ्यावे आणि हे रोप खुंट म्हणून किंवा निव्वळ आवडीने वाढवावे, असे मी म्हणेन.

तिसऱ्या प्रश्नात पेरू सर्वांत सोपा. त्याला फुले चालू हंगामाच्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे हलकी छाटणी केली की नवी फूट आणि तिच्याबरोबर फुलेही मिळतात, आणि झाड कुंडीत सहज आवरते. आंब्याचे याच्या उलट आहे. त्याचा मोहोर पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो, म्हणून छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावी. उशिरा केली तर पुढच्या हंगामाचा मोहोरच कापला जातो. कुंडीसाठी आम्रपालीसारखी ठेंगणी, दरवर्षी फळणारी जात निवडावी आणि पहिल्या वर्षी आलेला मोहोर काढून टाकावा, म्हणजे ताकद मुळांत आणि फांद्यांत जाते.

सीताफळ मला स्वतःला फार प्रिय आहे आणि त्याबाबत लोक उगाच निराश होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्याचे फूल आधी मादी अवस्थेत असते आणि नंतर नर अवस्थेत जाते, त्यामुळे एकाच फुलात परागीभवन क्वचितच होते. हे काम एरवी बारीक भुंगेरे करतात आणि घराच्या गच्चीवर ते पुरेसे येत नाहीत. झाड फुलांनी भरते आणि फळ एकही धरत नाही, ते यामुळे. पाकळ्या पूर्ण उघडलेल्या फुलाखाली कागद धरून ते हलके झटकावे. पुंकेसर आणि पिवळसर पराग सुटून कागदावर पडतात. मग नुकत्याच विलगू लागलेल्या पाकळ्यांचे फूल निवडावे, पाकळ्या बोटांनी अलगद दूर कराव्यात आणि मधल्या ओलसर, चकाकणाऱ्या शंकूवर मऊ कुंचल्याने हे पराग सगळ्या बाजूंनी फिरवावेत. एकाच बाजूला लागले तर फळ वाकडे वाढते.

किडींपैकी पानांत नागमोडी रेषा काढणारी अळी दिसायला भीतिदायक असली तरी मोठ्या झाडाचे फारसे बिघडवत नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांच्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की पानांची मागची बाजू पाहावी. या किडींच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांचे रक्षण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी आणि मग साबणाच्या सौम्य पाण्याने किंवा कडुनिंबाच्या तेलाने संध्याकाळी फवारणी करावी.

आणि फळे धरल्यावर मोसंबीच्या रंगावर विसंबू नये. साल पिवळी-केशरी होण्यासाठी गार रात्री लागतात. उष्ण हवेत पूर्ण पिकलेले फळही हिरवेच राहते. लिंबूवर्गीय फळ तोडल्यानंतर गोड होत नाही, त्यामुळे एक फळ चाखून मगच बाकीची काढावीत. आंबा आणि सीताफळ मात्र तयार झाल्यावर काढून घरात पिकवता येतात.