काढून घ्या की काढून टाका?

प्रश्न असा आहे: पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेवर मराठीत टिपण लिहिताना ‘फाइलमधून हवा तेवढा मजकूर एक्स्ट्रॅक्ट करणे’ याला ‘निष्कर्षण’ म्हणावं की साधं ‘काढणे’ चालेल?

निष्कर्षण नको. शाळेत आपण तो शब्द धातुकातून धातू मिळवण्यासाठी शिकलो. तिथे धातुक दळलं जातं, भाजलं जातं, मागे मळी उरते. इथे मूळ फाइलला धक्काही लागत नाही.

‘काढणे’ मात्र फसवं आहे. मी एकदा सरावाला लिहून दिलं, ‘प्रत्येक ओळीतली तारीख काढा.’ निम्म्या मुलांनी तारखा वेगळ्या यादीत घेतल्या, उरलेल्यांनी रिप्लेस (मजकूर बदलणारी आज्ञा) वापरून ओळींतून त्या पुसून टाकल्या. चूक कुणाचीच नव्हती. आपण चित्र काढतो तेव्हा ते नव्याने उमटतं, बँकेतून पैसे काढतो तेव्हा ते हातात येतात, आणि डाग काढतो तेव्हा तो नाहीसा होतो. एकच क्रियापद!

पण मराठीने यावर तोडगाही ठेवलाय. पुढे एक छोटं क्रियापद जोडा: रक्कम काढून घ्या, मोकळ्या जागा काढून टाका. आणि फंक्शन (ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा) काय करतं? रक्कम काढून देतं. घेणे, टाकणे, देणे एवढ्यावर काम भागतं, संस्कृतकडे जावं लागत नाही.

एक ओळ घेऊ: ‘गाव: वाई, रक्कम: ४५०’. जागा शोधणाऱ्या फाइंड या आज्ञेला ‘रक्कम’ कुठे आहे विचारलं तर उत्तर १० येतं (मोजणी शून्यापासून, म्हणजे आधी दहा घरं). डोळ्यांनी मोजलं तर त्याआधी आठच घरं दिसतात: गा, व, विसर्गासारखे दोन ठिपके, मोकळी जागा, वा, ई, स्वल्पविराम, पुन्हा मोकळी जागा. दोनचा फरक कुठून आला? ‘गा’ आणि ‘वा’ यांचे काने वेगळे मोजले गेले. म्हणून टिपणात ‘अक्षर’ लिहू नका, ‘चिन्ह’ लिहा. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर, पायथनला सहा चिन्हं. आता ‘रक्कम: ’ची सात चिन्हं मिळवा (जोडाक्षरातलं हलन्त धरून) आणि सतरापासून शेवटपर्यंतचा तुकडा घ्या, ४५० हाती येतात. मजकुरातल्या अंकांची संख्या करणाऱ्या इंटला देवनागरी अंकही चालतात, हे कळलं तेव्हा मला फारच बरं वाटलं होतं.

हाती आलेल्या तुकड्याला नाव हवं असेल तर ‘उतारा’ म्हणा. सातबाराचा उतारा आपण काढून आणतो, तलाठ्याकडची नोंद जागच्या जागी राहते. स्ट्रिंगचंही (पायथनमधल्या मजकुराचंही) तसंच: तुकडा नवा तयार होतो, मूळ ओळ होती तशीच. ‘स्ट्रिंग’ला मात्र मराठी शब्द शोधत बसू नका, तो रुळलाय.