वाचकांचे प्रश्न: एकात एक अडकलेल्या डिपेंडन्सी

प्रश्न: दादा, मी इतवारीतल्या एका होलसेल दुकानासाठी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरची डेस्कटॉप ॲप बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क) बिलिंग सॉफ्टवेअर बनवून राहिलो आहे. विंडोला व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा सांभाळणारा क्लास) लागतं, त्याला बिलसर्व्हिस, तिला रिपॉझिटरी (डेटा आणणारा-ठेवणारा क्लास), तिला डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा क्लास), आणि प्रत्येक ठिकाणी न्यू लिहून हे ऑब्जेक्ट हातानं बनवून वैतागलो. कंटेनर (लागणारे ऑब्जेक्ट आपोआप बनवून देणारा) आणला तरी सगळीकडे प्रोव्हायडर (ज्याच्याकडे हे ऑब्जेक्ट मागायचे तो) पाठवावा लागतो का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर: नाही भाऊ, अजिबात पाठवू नका, तिथंच सगळा घोळ होतो! ॲप.झॅमलमधलं स्टार्टअपयूआरआय (पहिली विंडो आपोआप उघडणारी ओळ) काढा, ऑनस्टार्टअपमध्ये (ॲप सुरू होताना चालणारी मेथड) सर्व्हिसकलेक्शन (क्लासची यादी) बनवून विंडोसकट सगळे क्लास रजिस्टर करा आणि कंटेनरकडे फक्त मेनविंडो मागा, एकदाच. तो तिचा कन्स्ट्रक्टर बघतो, मग त्यात मागितलेल्याचा कन्स्ट्रक्टर, असं करत पार तळापर्यंत जातो आणि खालून वर सगळं बांधत येतो. मधलं एखादं रजिस्टर करायचं राहिलं तर 'अनेबल टू रिझॉल्व्ह सर्व्हिस' अशी एरर येते, त्यात नेमका कोणता क्लास बनवताना काय मिळालं नाही तेही असतं, ती नीट वाचा. व्हॅलिडेटऑनबिल्ड (कंटेनर बनतानाच तपासणी करणारी सेटिंग) ट्रू ठेवलं की अशा बऱ्याच चुका ॲप उघडतानाच कळतात, गिऱ्हाईक समोर उभं असताना नाही.

खरी काळजी डीबीकॉन्टेक्स्टची. वेबसारखी रिक्वेस्ट डेस्कटॉपवर नसते, म्हणून स्कोप्ड (वेबवर एका रिक्वेस्टपुरता जगणारा) ठेवून थेट मुख्य कंटेनरमधून घेतला तर तो ॲप बंद होईपर्यंत जिवंत राहतो, मेमरी वाढते आणि स्क्रीनवर जुनाच डेटा दिसत राहतो. त्यापेक्षा ॲडडीबीकॉन्टेक्स्टफॅक्टरी वापरा, रिपॉझिटरीत फॅक्टरी (मागितला की नवा कॉन्टेक्स्ट बनवून देणारी) घ्या, प्रत्येक कामापुरता नवीन कॉन्टेक्स्ट बनवा आणि युझिंगने लगेच सोडा.